तुळजारामची मडी

तुळजाराम घरी मडीची टर उडवायचा. मडी म्हणजे सोवळं. त्याची आई, कनकलतामावशी, आंघोळ करून वेगळी वाळत घातलेली साडी नेसली की स्वयंपाक होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. मावडूच्या, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांच्या लोणच्याच्या बरणीला तर कधीच नाही. "अम्मा, बरणीला करंट आहे काय?" हा विचारायचा. मी त्याच्याबरोबर तंजावरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. त्यामुळे त्यांच्या घरचं जेवण आणि त्याची व्याख्यानं, दोन्ही माझ्या वाट्याला येत. जेवण उत्तम असे.

१९९९ साल होतं. त्याची धाकटी बहीण साईप्रिया पापनाशमला बसस्टँडजवळ कॉम्प्युटरवर जन्मपत्रिका छापून द्यायची. मशीन जुनं. नवं साल लागलं की त्याची तारीख थेट १९०० वर जाणार, आणि जानेवारीतल्या बाळाला पणजोबांची ग्रहदशा मिळणार. उपाय एकच: मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम ज्या चिपमध्ये असतो, ती चिप नव्याने लिहायची. लिहिताना चुकलं तर मशीन पुन्हा सुरूच होत नाही. साईप्रियाकडे दुसरं नव्हतं.

तिच्या मशीनवर तुळजारामने लिनक्स घातलं होतंच, तिने न मागता. आता त्याने मॉड्यूल लिहिलं. लिनक्स चालू असतानाच ते त्याच्या गाभ्याला, कर्नेलला जोडायचं आणि काम झालं की काढून घ्यायचं. ते जोडलं की चिप सगळ्यांना खुली; कुठल्याही प्रोग्रॅमने यावं, हवं तिथे लिहावं. क्लासमधल्या एका टाकाऊ मशीनवर त्याने चाचणी घेतली. त्याच्याच प्रोग्रॅमने भलत्या जागी लिहिलं आणि मशीन कायमचं गप्प झालं.

"टाकाऊच होतं ते," रविवारी जेवताना तो म्हणाला आणि बोलता बोलता त्याचा हात बरणीकडे गेला.

"अरे, मडी!" मावशी ओरडली. "किती हवं ते सांग, मी वाढते."

साईप्रिया हसायला लागली. "अण्णा, अम्मा फोड देते, बरणी देत नाही. तू तर अख्खी बरणी रस्त्यावर ठेवलीस. माझ्या मशीनला हात लावू नकोस."

तुळजारामने बहिणीचं ऐकलं आणि मॉड्यूल पुन्हा लिहायला घेतलं. हे फार क्वचित घडायचं.

नवं मॉड्यूल चिप कुणाच्या हाती देत नव्हतं. प्रोग्रॅमने फक्त मागणी करायची. मॉड्यूल आधी चिप ओळखणार, आलेली फाइल त्याच चिपची आहे का पाहणार, जुन्याची प्रत ठेवणार, मग स्वतः लिहून पुन्हा वाचून ताडणार. टाकाऊ मशीनचा एक जोडीदार त्यातून जिवंत निघाला, तेव्हा कुठे साईप्रियाने होकार दिला.

डिसेंबरात आम्ही पापनाशमला गेलो. तुळजारामने दुकानाचं दार लावलं, यूपीएसची बॅटरी तपासली, आम्हाला भिंतीपाशी उभं केलं. "कुणी टेबलाला शिवू नका!" मग ऐटीत चिपच्या नव्या प्रोग्रॅमची फ्लॉपी घातली आणि मागणी केली.

मॉड्यूलने नकार दिला.

"खुळं झालंय," तो पुटपुटला. "तपासणी जरा बंद करतो."

"अण्णा!" साईप्रिया भिंत सोडून पुढे आली. "आधी फ्लॉपी बघ."

फ्लॉपी क्लासच्या मशीनची होती. लिहिली असती तर दुकान तिथेच संपलं असतं. तुळजारामचे कान लाल झाले.

"मॉड्यूलने तुलाही बरणी दिली नाही रे," साईप्रिया म्हणाली.

खरी फ्लॉपी त्याच्या पिशवीत, डब्याखाली निघाली. या वेळी मागणी मान्य झाली. लिहून झालं, ताडून जुळलं. मशीन बंद करून सुरू केलं, ते उठलं. तारीख मुद्दाम वर्षअखेरीची घालून आम्ही आकडे बदलताना पाहिले: २००० आलं, आणि टिकलं. साईप्रियाने लगेच कीबोर्डकडे हात नेला.

"थांब, मॉड्यूल आपोआप परत जोडलं गेलं नाही ना, ते बघू दे!"

तिने हात मागे घेतला आणि शहाण्या सुनेसारखी उभी राहिली. "आता तरी शिवू का?"

त्याने दोनदा तपासलं. "शीव."