कालव्याकडची पोरं

"सिस्टर, ही पोरं आपली नाहीत," आरोग्य केंद्राचे डॉक्टर साहेब म्हणाले आणि मी दिलेली यादी त्यांनी टेबलावरून परत माझ्याकडे ढकलली.

यादीत अकरा नावं होती. सगळी पाच वर्षांच्या आतली. सगळ्यांना ताप, खोकला, लाल डोळे आणि अंगावर पुरळ. गोवर ओळखायला डॉक्टर लागत नाही. माझ्यासारखी एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स, दारातूनच ओळखते.

ही नव्वदच्या दशकातली, इंदापूर तालुक्यातली गोष्ट. गावाचं नाव घालत नाही, त्यातली बरीच माणसं अजून आहेत. निमगाव केतकीचा बाजार आम्हाला जवळचा, एवढं सांगितलं तरी पुरे.

कारखाना सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीची कुटुंबं यायची. कालव्याच्या भरावाखाली, गावातले बडे बागायतदार तात्या यांच्या पडीक रानात या कुटुंबांच्या कोप्या पडायच्या. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची झोपडी, आत वाकून जावं लागतं. हंगाम संपला की ही माणसं निघून जायची. आमच्या रजिस्टरात त्यांची नावं नसायची, कारण ती बाहेरची. त्यांच्या गावच्या नर्सच्या रजिस्टरात 'स्थलांतरित' असा शेरा असायचा. लसीच्या वयाचं पोर दोन्ही कागदांच्या मधून अलगद खाली पडायचं.

खरं सांगायचं तर दोन हंगाम मीही त्या कोप्यांवरून लुना दामटत गेले होते. कधी थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले, कारण एक बाई रस्त्यात आडवी उभी राहिली. कौसाबाई तिचं नाव. कडेवर दीड वर्षाची मुलगी, सीमा.

"बाई, बघा की हिला. दूध वढीना."

"दवाखान्यात का नाही नेलं?"

"गेलते की. कुलूप व्हतं."

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळी नऊ ते बारा. ऊस तोडणारी बाई दिवस उगवायच्या आत फडात जाते आणि मोळ्या गाडीत भरून झाल्यावर, दुपार उलटून गेल्यावर मोकळी होते. मधे खाडा केला तर मुकादम अंगावर येतो. म्हणजे दवाखाना सगळ्यांसाठी उघडा होता, फक्त कौसाबाई मोकळी असेल तेव्हा नव्हता.

मी प्रत्येक कोपीत वाकून गेले. जिथं ताप होता तिथं देवी आल्याची खूण म्हणून दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला. यादी केली आणि तशीच केंद्रावर गेले.

"आपली नाहीत म्हणजे?" मी साहेबांना विचारलं.

"कोप्यांतल्या बाकीच्या पोरांना लस द्यायची तर ती आपल्या लक्ष्यात धरावी लागतील. आपलं गोवराचं काम शंभर टक्के झालंय. ही पोरं धरली की ते खाली येणार."

लक्ष्य म्हणजे वर्षाला किती बाळांना लस टोचायची तो आकडा. तो गावच्या लोकसंख्येवरून काढलेला असायचा. कोप्यांतली माणसं त्या लोकसंख्येत नव्हतीच.

"निदान साथ म्हणून वर कळवू या, सर."

"कळवलं की जिल्ह्याची टीम येईल आणि पहिला प्रश्न मला विचारील. हंगाम संपला की जातील ती. जाऊ द्या."

"गोवर हंगाम संपेपर्यंत थांबत नाही."

"डॉक्टर मी आहे, सिस्टर."

मी यादी उचलली आणि औषधांच्या खिडकीशी गेले. फार्मासिस्टने काही न विचारता न्यूमोनियाच्या गोळ्या आणि अ जीवनसत्त्वाच्या बाटल्या माझ्या पिशवीत ठेवल्या. गोवर झालेल्या मुलाला हे जीवनसत्त्व दिलं तर डोळे वाचतात, बऱ्याचदा जीवही. ते मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाजलं. पण ज्यांना अजून ताप आला नव्हता त्यांना लस हवी होती, आणि ती केंद्राच्या फ्रीजमध्ये होती.

तिसऱ्या दिवशी सीमाची छाती प्रत्येक श्वासाला आत ओढली जाऊ लागली. न्यूमोनिया. तिला ऑक्सिजन लागणार होता. मी तात्यांच्या घरी पळत जाऊन केंद्रात फोन लावला.

"जीप मीटिंगला गेलीय," पलीकडून उत्तर आलं.

तात्या ओसरीवर बसून ऐकत होते. "ट्रॅक्टर कारखान्यावर गेलाय बाई," ते म्हणाले. "हितं आसता तर दिला आसता."

आम्ही एसटीची वाट बघत फाट्यावर उभ्या राहिलो. गाडी आली तेव्हा सीमाचे ओठ निळे पडले होते. इंदापूर यायच्या आधीच तिचा श्वास थांबला. कौसाबाई तिला पदराखाली घेऊन बसली होती. तिला वाटलं, पोरीला झोप लागली. मी नाडी धरून बसले होते, मला कळलं. ते तिला सांगायला मला पुढचा थांबा यावा लागला.

दोन दिवसांनी तात्यांच्या सात महिन्यांच्या नातवाला ताप भरला आणि अंगावर पुरळ उठलं. गोवराची लस नवव्या महिन्यात देतात, त्यामुळे तो उघडाच होता. तात्यांचा शब्द तालुक्यात चालायचा. त्यांनी कुणाला फोन केला ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जीप कालव्यावर उभी होती. साहेब, सुपरवायझर, दुसऱ्या उपकेंद्राच्या दोन नर्स, बर्फाच्या डब्यांत लस. दुपारपर्यंत कोप्यांतल्या प्रत्येक पोराला लस टोचून झाली. लक्ष्य आडवं आलं नाही. टक्केवारीचं नावही कुणी काढलं नाही.

कौसाबाई पुन्हा फडात जाऊ लागली होती. परत आली तेव्हा जीप अजून उभी होती. हातात कोयता तसाच. ती सरळ साहेबांसमोर गेली.

"सायेब, ही गाडी त्या दिशी कुठं व्हती?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, यांना जरा समजावून सांगा."

"मला माहीत नाही, सर. तुम्हीच सांगा."

ते जीपमध्ये जाऊन बसले आणि काच वर केली.

जाताना तात्यांनी मला थांबवलं. त्यांचा नातू वाचणार होता, ते दिसत होतं. मान खाली घालून ते म्हणाले, "बाई, त्या दिवशी मीच फोन कराय पायजे हुता. तुमाला नुसता लावू दिला."

"व्हय तात्या. करायला पाहिजे होता."

एरवी मी म्हाताऱ्या माणसाची समजूत घातली असती. त्या दिवशी घातली नाही.

महिन्याच्या अहवालात मी सीमाचा मृत्यू लिहिला. कारण: गोवर. साहेब म्हणाले, खोडा. म्हणाले, मुलगी आपल्या जिल्ह्यातली नाही. मी खोडलं नाही. खाली तिच्या आईचं नाव आणि 'कालव्याजवळील कोपी' असा पत्ता घातला. तो कागद वर गेला, चौकशी झाली, साहेबांना काही झालं नाही. पण पुढच्या हंगामापासून कोप्यांतली मुलं यादीत घ्यायची, असा लेखी आदेश आला. लस टोचायला मी दुपारी चारनंतर कालव्यावर बसू लागले. पहिल्या वर्षी माझं काम शंभर टक्क्यांवरून बरंच खाली आलं, आणि लगेच मेमो आला: काम असमाधानकारक, खुलासा करा.

मी एका ओळीत खुलासा केला. 'पूर्वी न धरलेली बालके या वर्षी धरली आहेत.' त्यावर उत्तर आलं नाही.

नंतर माझ्या बऱ्याच बदल्या झाल्या. नव्या उपकेंद्राच्या भिंतीवर शंभर टक्के लिहिलेलं दिसलं, की मी आधी त्या गावाच्या कडेला कोण राहतं ते बघून यायची. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी असायचंच.