शनिवारची साक्ष

एस्तेरबाई गेल्या ही बातमी मला वॉर्डात, एका पेशंटचं सलाईन बदलताना मिळाली. त्यांची भाची लीडिया हिचा फोन आला होता, आणि आमच्या धंतोलीच्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीनं दारातूनच सांगितलं, "सिस्टर, तुमच्या शाळेतल्या कोणी बाई वारल्या म्हणे." मी सलाईन नीट लावलं, थेंब मोजले, चार्टवर वेळ लिहिली. मग बाहेर येऊन जिन्यात बसले. बाई गेल्या म्हणून रडू आलंच, पण त्याहून जास्त आलं ते त्यांना सांगायचं राहिलं म्हणून. पंधरा-सोळा वर्षं मी एक गोष्ट कबूल करायची टाळत आले होते. दर भेटीत ठरवायची, आणि दर भेटीत चहा पिऊन, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करून परत यायची...

बाई सदरमधल्या आमच्या मुलींच्या मिशन शाळेत शिवण शिकवायच्या. वाकडी टीप दिसली की विचारायच्या, "ही शिलाई आहे की बैल गेलाय इथून?" शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की आम्ही पाच-सहा मुली शाळेमागच्या त्यांच्या खोलीत जमायचो. पूर्वी शाळेत शिकवून मायदेशी परत गेलेल्या एक गोऱ्या मॅडम त्यांना तिकडून पुस्तकांचं पार्सल पाठवायच्या. सगळ्या त्या काळातल्या नव्या ख्रिस्ती कादंबऱ्या, आणि बहुतेक बायका-मुलींच्याच. वडील वारल्यावर गाव सोडावं लागलेली मुलगी, नवऱ्यामागे एकटीनं शेत करणारी विधवा, ठरलेलं लग्न मोडून माहेरी परतलेली मास्तरीण. बाई इंग्रजी पान डोळ्यांसमोर धरून थेट मराठीत वाचायच्या. पुस्तकातल्या बाईनं सफरचंदाचा काही पदार्थ भट्टीत भाजला, तर आमच्या खोलीत तिनं करंज्या तळलेल्या असायच्या. नायिका शहराला निघाली की ते शहर कामठीइतकं दूर की जबलपूरइतकं, हे त्या आधी ठरवून घ्यायच्या. आणि ती प्रार्थनेला बसली की म्हणायच्या, "इथं ती दोन पानं गुडघ्यांवर आहे. आपण पुढं जाऊ, दुखायला लागले की उठेल ती." आम्हा हिंदू मुलींना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्या असं करतात, असं मी समजायची. पुढं कळलं की त्यांना त्या लांबलचक प्रार्थनांचा खरोखरच कंटाळा यायचा.

बाईंचा एक नियम होता. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं आणि एका मुलीनं उभं राहायचं. त्या गोष्टीतल्या मुलीच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, ते 'मी' म्हणून सांगायचं. 'तिनं असं करावं' म्हटलेलं चालत नसे. बाईंच्या चर्चमध्ये लोक उभं राहून आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगतात, त्याला साक्ष देणं म्हणतात. तोच शब्द बाईंनी आमच्या वाचनाला लावला होता. "आज कोणाची साक्ष?" असं त्या विचारायच्या आणि आम्ही एकमेकींच्या पाठीमागे लपायचो.

मी मॅट्रिकला होते, सत्तर सालच्या आगेमागे. माझे बाबा हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होते. त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, पारशिवनीजवळ गावची शेती पाहायचे, आणि त्यांच्या शब्दाबाहेर बाबा कधी गेले नव्हते. मोठेबाबांनी माझ्यासाठी तिकडचंच स्थळ आणलं होतं. घर चांगलं होतं, मुलातही खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि हीच माझी पंचाईत होती. कारण मी नर्सिंगचा फॉर्म आणून ठेवला होता. त्यावर बाबांची सही हवी होती आणि महिनाअखेरीपर्यंत तो भरायचा होता. बाबा त्या फॉर्मकडे बघायचे, "पाहू" म्हणायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे. बाईंकडे त्याच सुमाराला एक नवी कादंबरी सुरू होती. त्यातल्या डोराचं लग्न शेजारच्या शेतकऱ्याशी ठरलं होतं आणि तिला शहरात नर्स व्हायला जायचं होतं. बाईंनी ते पुस्तक मुद्दाम काढलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. शेवटचं प्रकरण जवळ आलं, साक्षीची पाळी माझी होती, आणि मी दोन शनिवार गेलेच नाही. डोराच्या जागी उभं राहून मी खोटं बोलू शकले नसते, आणि खरं बोलले असते तर ते मलाच ऐकावं लागलं असतं.

गुरुवारी कारखान्याला सुटी. त्या दुपारी मोठेबाबा आणि मुलाचे मामा तारीख धरायला आमच्याकडे आले होते. मी आत चहा गाळत होते. तेवढ्यात शाळेतली आया बाईंची चिठ्ठी घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं, दाराजवळ खाटेवर मामा बसले होते, तिनं ती त्यांच्याच हातात दिली. मामांनी ती मोठ्यानं वाचली. "कुंदा, दोन शनिवार तू आली नाहीस. या शनिवारी तुझी साक्ष आहे. काहीही झालं तरी ये. तुझं म्हणणं सगळ्यांसमोर आलंच पाहिजे. एस्तेर."

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. मोठेबाबांनी विचारलं, "काहून वं कुंदे, कोणाच्या केसमंधी साक्ष देऊन राहिली तू?" मामा चिठ्ठी उलटसुलट करून पाहत होते. "पोलिसाचं काही काम आहे का? आमच्या घरातलं कोणी आजवर कोर्टाची पायरी चढलं नाही, भाऊ." बाबा माझ्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं. साक्ष म्हणजे गोष्टीवर बोलणं, एवढं म्हटलं असतं तर सगळे हसले असते, मामांनी दुसरा कप मागितला असता आणि तारीख ठरली असती. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हटलं, "मले नाही सांगता येत." ते ऐकताना मलाच वाटलं, जणू कोणी मला धमकावून गप्प बसवलं आहे. मामांनी अर्धा चहा तसाच ठेवला. जाताना फक्त "कळवतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबा कारखान्यातली पाळी चुकवून शाळेत आले. वर्गाच्या खिडकीतून मी त्यांना मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरताना पाहिलं, हातात घडी केलेला कागद होता. थोड्या वेळानं बाईंना बोलावणं गेलं. मी वहीत लिहायचं नाटक करत होते आणि कान त्या दाराकडे होते, पण भिंतीपलीकडच्या वर्गातले पाढे तेवढे ऐकू येत होते. आता बोलावतील, आता माझं नाव घेतील... तास संपला तेव्हा बाबा निघून गेलेले होते. बाई व्हरांड्यातून माझ्या अगदी जवळून गेल्या आणि थांबल्या नाहीत. शनिवारी सकाळी मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, "एस्तेरबाई तुमच्याकडून साक्ष घ्यायच्या, हे खरं?" मी "हो" म्हटलं. पुढचं सांगितलं नाही. इतर धर्मांच्या मुलींकडून साक्ष घेणं, त्यावर पालकाची लेखी तक्रार येणं, धर्मांतराच्या आरोपांना भिणाऱ्या शाळेला त्या दिवसांत एवढं पुरेसं होतं. दुपारी बाईंच्या खोलीवर पाटी नव्हती की कुलूप नव्हतं, फक्त दार आतून लावलेलं होतं. शनिवारचं वाचन त्यानंतर कधीच झालं नाही. बाईंना लेखी समज मिळाली, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी फक्त शिवण शिकवलं.

आठवड्यानं मामांचा नकार आला. मोठेबाबा चिडून गावी गेले, आणि मुदत संपायला दोन दिवस उरले असताना बाबांनी फॉर्मवर सही केली. मी नर्स झाले. लग्नही पुढं माझ्या मनासारखं झालं. सगळं नीट झालं, असं लोक म्हणतात. मी बाईंकडे जातच राहिले. एकदा धीर करून विचारलं, "डोरानं शेवटी काय केलं हो बाई?" त्या हसल्या. "आता इंग्रजी येते ना तुला? घे वाचून." मी ते पुस्तक मागून घेतलं नाही, आणि त्यांनीही दिलं नाही.

बाई गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांच्या सदरमधल्या खोलीत प्रार्थनासभा होती. मी निघाले तेव्हा आता माझ्याकडेच राहणारे बाबा टोपी घालून तयारच होते. "मी बी येतो," म्हणाले. मला त्यांना नेणं नकोसं झालं होतं, कारण मी मनाशी काय ठरवलं होतं ते मलाच माहीत होतं. खोलीत सतरंजीवर जेमतेम वीस माणसं. गाणं झालं, वाचन झालं, आणि चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "बाईंविषयी कोणाला साक्ष द्यायची असेल त्यांनी उभं राहावं." मी उभी राहिले. मी 'मी' म्हणूनच सगळं सांगितलं. चिठ्ठी, मामा, चहा, माझ्या तोंडात तयार असलेलं आणि गिळलेलं वाक्य. बाईंचं वाचन माझ्यामुळं बंद पडलं आणि मी त्यावर माझं आयुष्य उभं केलं, हेही. बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही. लीडिया रडत होती, आणि ती माझ्यावर चिडून रडतेय की कशानं, मला कळेना.

परतताना बाबा गल्लीच्या तोंडाशी थांबले. मला वाटलं, दम लागला. मी त्यांचा हात धरला.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"काय मालूम होतं?"

"साक्ष म्हणजे काय ते. ती कोर्टातली नाही, चर्चमधली, हे त्याच दिवशी हेडबाईनं दोन मिनिटांत सांगितलं होतं. बाहेर आल्यावर मी तक्रारीचा कागद वापस मागाले परत आत चाललो होतो, तं तुझ्या बाईनं व्हरांड्यात थांबवलं मले. म्हणाल्या, कुंदाले या शब्दाचा अर्थ माहीत आहे, तिनं घरी सांगितला का? मी म्हटलं, नाही सांगितला."

रस्त्यावरून एक रिक्षा आली. बाबांनी मला कडेला घेतलं.

"तं म्हणाल्या, 'मग तिची साक्ष झाली. कागद राहू द्या.'... कागद बी राहू देला, अन् मामाले बी मी खरं कळवलं नाही. पण तवा नाही समजलं मले. तुझ्या फॉर्मवर सही करताना समजलं."