फोटोत न आलेली ओळ

शेजारच्या टेबलावरचा निखिल उभा राहून स्वतःच्याच लॅपटॉपचा फोटो काढत होता. मोबाईल ॲप बनवताना इतरांनी लिहिलेल्या कोडचे तुकडे नेटवरून उतरवून घ्यावे लागतात. ते उतरत नव्हते आणि स्क्रीन लाल अक्षरांनी भरली होती. फोटो ऑफिसच्या ग्रुपवर पडला. खाली प्रश्न, "कुणाला काही आयडिया?"

आयडिया सगळ्यांकडेच होत्या. नेट बदल, साठलेल्या तात्पुरत्या फायली उडव, मशीन बंद करून चालू कर. टीम लीडने लिहिलं, "मलाही आलं होतं, आपोआप गेलं." पंधरा वर्षांच्या अनुभवाचं हे सार. तासभर हे सगळे उपाय झाल्यावर मी उठून त्याची स्क्रीन पाहिली. अगदी खालची ओळ सरळ सांगत होती, की डिस्कमध्ये जागाच उरलेली नाही. फोटोत नेमकी तीच कापली गेली होती.

"तू वाचलंस तरी का हे?"

"एवढं कोण वाचतं," निखिल म्हणाला.

शिकलीसवरलेली माणसं ही. लाल अक्षरं दिसली की यांची साक्षरता संपते. वाचलं तर स्वतःला काहीतरी करावं लागतं, पाठवून दिलं की ते दुसऱ्याचं होतं.

जागेवर येऊन मी फोन उचलला. बाबांच्या तपासणीचा रिपोर्ट सकाळीच आला होता. त्यातले ठळक आकडे बघूनच मी फोटो काढून धाकट्या भावाला पाठवला होता. त्याचं उत्तर आलं होतं, "दादा, खालची ओळ कापली गेलीय. काय लिहिलंय तिथे?"