उलव्याचा माणूस आणि न संपलेलं गाणं

नवीन पनवेलच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तो माझ्या शेजारी बसला होता. टॉवेलात गुंडाळलेला सीपीयू मांडीवर. उलव्याचा. त्याची आई लग्नांत धवले गायची, ते त्याने घरीच रेकॉर्ड केले होते. भाच्याने कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकली आणि गाण्याच्या सॉफ्टवेअरला लागणारा जुना प्लगइन चालेना, त्यामुळे ते गाणं उघडेना.

दुकानदार म्हणाला, "जुनी सिस्टिम परत टाकतो. पण मग एकदाची गाण्याची पक्की ऑडिओ फाइल काढून ठेवा, कुठेही वाजेल, म्हणजे कटकट मिटेल."

"नको. फाइल काढली का काम संपला." त्याचं बोट टॉवेलवर सावकाश वर-खाली सरकत होतं. "आता कसा, रोज तिचा आवाज जरा वर करतो, जरा खाली करतो."

"मिक्सिंग कधीपासून चाललंय?" मी विचारलं.

"आई गेली तवापासून."