आऊट काढणारे आप्पा

"सून गुणाची आहे रे, पण लग्नाआधी चार वाक्यं बोलायला लावून बघायला पाहिजे होतं. आपण जुनी रिमसुद्धा फिरवून घेतो!"

आप्पा, म्हणजे माझे सासरे, ह्यांना हे सांगत होते तेव्हा मी पडद्यामागे चहा गाळत होते. सिल्वासात आमचं सायकलचं दुकान पुढे, घर मागे, मध्ये तो पडदा. गप्प माणसाला लोक भिंत समजतात आणि भिंतीसमोर वाट्टेल ते बोलतात. सहा महिन्यांत माझ्याकडे इतके किस्से साचले की बास!

*

आप्पा धुळ्याकडचे. जवळच्या सायली गावातल्या कंपनीतला एक कामगार महिन्यात तिसऱ्यांदा आला. चाक परत आऊट, म्हणजे फिरताना डुलत होतं.

"रोज काय वाहतो भो?"

"काही नाही आप्पा. फक्त मेव्हण्याला सोडतो."

चाक न्यायला मेव्हणा स्वतः आला, दारातून तिरका होऊन. आप्पांनी त्याला खालून वर नीट बघितलं आणि आत हाक मारली, "रमणभाई, आऊट सापडला!"

*

रमणभाई आमचे गुजराती मिस्त्री. ते फिरत्या रिमजवळ खडू धरतात; जिथे आऊट, तिथे खूण उमटते. एकदा सगळीकडेच खुणा!

"आखी रिम आऊट छे!" म्हणत त्यांनी अर्धे स्पोक ढिले केले. मग ह्यांना दिसलं, चाक स्टँडवर आवळायचंच राहिलं होतं.

रमणभाई शांतपणे म्हणाले, "पण खडू तो साचो हतो ने?"

*

ह्यांचंही तेच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी पोळी वाढली. ह्यांनी ती ताटात बोटाने गोल फिरवली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "दोन मिलिमीटर!"

मी दुसरी वाढली नाही.

*

आणि मग ती रेसर सायकल आली. पुण्याहून कंपनीत आलेल्या एका इंजिनियरसाहेबांची, गिअरवाली. "तक्रार काही नाही. उद्या शर्यत आहे, मागचं चाक नुसतं नजरेखालून घाला," साहेब म्हणाले.

आमच्याकडे सगळ्या साध्या सायकली. त्यांचे दोन्ही बाजूंचे स्पोक सारखे ताणायचे. आप्पांनी रेसरचे स्पोक बोटाने छेडले. गिअरकडचे कडक, पलीकडचे ढिले.

"एवढी महागाची सायकल, अन् हे काम!"

दुपारभर बसून त्यांनी सगळे स्पोक सारखे केले. चाक असं फिरलं की खडूचा ठिपका उमटेना! सायकलला बसवलं, तर डाव्या ब्रेकला घासायला लागलं.

"फ्रेमज वांकी छे," रमणभाई म्हणाले. घाईत त्यांनी चाक उलटं बसवून पाहिलं, तर ते उजवीकडे घासलं. फ्रेम वाकडी असती, तर तेव्हाही डावीकडेच घासलं असतं ना? पण ते तिघांच्याही लक्षात आलं नाही.

ह्यांनी फ्रेम वाकवून सरळ करायला लोखंडी पाइप आणला. आप्पांनी तो फ्रेममध्ये घातला, रमणभाईंनी सीट धरली, ह्यांनी हँडल.

"मी तीन म्हटलं की सगळ्यांनी जोर लावायचा! एक... दोन..."

मी पडदा बाजूला केला.

"आप्पा, थांबा! सायकल सरळ आहे. स्पोक मुद्दामच कमी-जास्त ताणलेले असणार, सारखे केल्यावरच चाक डावीकडे सरकलं. सकाळी आली तेव्हा चाकही सरळच होतं!"