ग्लेनिसचं ताट

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावी पंपांच्या कारखान्यात ग्लेनिस प्रॅटबरोबर मर्व्हिनने कितीतरी वर्षं काढली, पण त्याला ती ठाऊक होती असं म्हणवत नाही. ती चहात साखर घेत नसे, नवरा वारला होता, दारातल्या टेबलाशी बसून येणाऱ्या प्रत्येकाला 'बाळा' म्हणे. एकदाच म्हणाली होती, "हे टेबल सुटलं तर दिवसभर बोलू कुणाशी, मर्व्ह?" कार्ड लावून तो आत गेला होता.

त्या वर्षी कंपनीने एथिकल हॅकर नेमले. चोर कुठून शिरेल, ते आधी स्वतः शिरून दाखवायचं, हे त्यांचं काम. कामगारांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारच्या चहाला प्रत्येकाने घरून खाण्याचं ताट भरून आणायचं, ही तिथली रीत. त्या शुक्रवारी त्या हॅकरांपैकी टॅम्सिन नावाची मुलगी दोन्ही हातांवर खोबऱ्यात घोळलेल्या लॅमिंग्टन केकचं ताट तोलत दाराशी आली. ताट आणणाऱ्याला कार्ड कोण विचारतं? ग्लेनिसने दार धरलं. "ये बाळा, केक घसरेल!" सगळे चहाला गेले तेवढ्यात टॅम्सिनने आतल्या कॉम्प्युटरवरून सगळ्यांच्या पगाराची माहिती उचलली.

पुढच्या शुक्रवारी चहाच्या वेळीच मॅनेजर ब्रोडीसाहेबाने कॅमेऱ्यातलं चित्रण भिंतीवर लावलं. दार धरणारी ग्लेनिस. मागे नेऊन पुन्हा तेच.

"केकसाठी फितूर झाली!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मर्व्हिनही हसला, तोंडात तिनेच आणलेला स्कोनचा गोड पाव होता.

टॅम्सिन उठली. "चेहरा दाखवायचा नाही असं ठरलं होतं. दोष दाराचा आहे, यांचा नाही."

"दार बदलतोच आहे," ब्रोडी म्हणाला. "दोन्ही बदलतोय."

"अरे, पोरीचे हात भरलेले होते..." ग्लेनिस म्हणाली.

"बघा! अजून डोक्यात शिरलं नाही!" ब्रोडी म्हणाला.

पुन्हा हशा.

कामाच्या शेवटच्या दिवशी सामानाचं खोकं गाडीत ठेवून ग्लेनिस आपल्या ताटासाठी परतली, तोवर तिचं कार्ड बंद केलेलं होतं. नव्या दाराच्या काचेवर तिने टकटक केली. आत मर्व्हिन उभा होता, त्याच्यामागे कप घेऊन ब्रोडी. मर्व्हिनने दार उघडलं नाही. पार्सलच्या खिडकीतून ताट बाहेर सरकवलं.

"धुतलंय ना?" तिने विचारलं.

"धुतलंय."

"बरं. दूध संपलंय हं, सोमवारी आणा."

"आणतो," मर्व्हिन म्हणाला.