बरोबर माप, करपलेली बाग

करपलेले केळीचे पान दिसले की ते प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर उभे राहते. खून नाही, दरोडा नाही, तरीही एका भल्या माणसाला मी जवळजवळ आत टाकले होते. नावे कोणाचीच देत नाही.

शिरपूरकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी ठाणे अंमलदाराचा फोन आला, "साहेब, औषधाचं दुकान फोडताहेत." पिकांच्या औषधांचे दुकान. आम्ही पोहोचलो तेव्हा शटर वाकले होते आणि दुकानदार नाना फाटक्या सदऱ्यात पायरीवर बसले होते. एका तरुण शेतकऱ्याने त्यांच्याकडून केळीच्या करपा रोगाचे औषध नेऊन फवारले आणि त्याची उभी बाग जळाली. गावाचे म्हणणे, माल खपवायला नानांनी माप वाढवून सांगितले. दुकानाचा परवाना त्याच दिवशी निलंबित झाला.

नाना एकच सांगत होते. "साहेब, मी माप सांगितलंच नाही. पोरानं मोबाईलमधलं पुस्तक पुढे केलं, मी वाचलं, तेवढं औषध दिलं. जास्त वाटलं तर तसं बोललोसुद्धा. तो म्हणाला, सरांचं पुस्तक आहे नाना, चुकेल का?"

हे सर म्हणजे शेतीचे निवृत्त शिक्षक. केळीवरचे त्यांचे छापील पुस्तक भागातल्या जाणत्या बागायतदारांकडे असायचे. त्याच्या प्रती संपल्या, नवीन छपाई परवडेना, तेव्हा या वयात खटपट करून त्यांनी तेच पुस्तक स्वतः मोबाईलवर काढले. तरुण पोरे त्यावर तुटून पडली. सरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

मी शेतकऱ्याला मोबाईल उघडायला लावला. पाठीवरच्या एका पंपाला किती औषध आणि पाण्याच्या मोठ्या ड्रमला किती, असा तक्ता होता. पंपाचे माप अगदी बरोबर. जुने छापील पुस्तक मागवले, त्यातही तेच. शेतकरी रडकुंडीला येऊन म्हणाला, "मी मोबाईल दाखवला हे खरंय साहेब, पण नानांनीच काहीतरी भलतं वाचलं." तो खोटे बोलत नव्हता. मग खोटे कोण बोलत होते? उघड होते, नाना. मी त्यांच्यावर असा काही ओरडलो की बाहेरचा हवालदार आत डोकावला. तरी त्यांचा जबाब हलला नाही. "डोळ्यांनी वाचलं ते सांगतोय. फाशी द्या, पण चोर म्हणू नका."

सरांना साक्षीसाठी बोलावले. इस्त्रीचे कपडे, चहा समोर तसाच. "पुस्तकात काही बदल केलाय का?" मी विचारले. "काही नाही. छापलेलं होतं तेच आहे," ते म्हणाले आणि घड्याळ बघू लागले. मला खटकले ते वेगळेच. जळालेल्या बागेबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. ज्याचे मन स्वच्छ असते तो आधी नुकसान विचारतो, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

आमच्या खात्यात कागद झाल्याशिवाय कशालाच किंमत नाही. त्या पानाची प्रत फाईलला लावायची म्हणून हवालदाराला झेरॉक्सवाल्याकडे पाठवले. तो हसतच परतला. "साहेब, झेरॉक्सवाला विचारतो, एकच पान कशाला, आख्खं पुस्तक काढू का? म्हातारी माणसं नेतात म्हणे."

मी ताडकन उठलो. मोबाईलवरचे पान मागाहून बदलले असेल, तर आधी काढलेला कागद ते सांगणार होता. गेल्या महिन्यात नेलेली प्रत एका अक्कांकडे निघाली. स्वतःची बाग स्वतः करणारी बाई. तारेने बांधलेले ते बाड तिने ओट्यावर आणून ठेवले. "मोबाईलमा माले काहीच दिसत नही, भाऊ. म्हनीसन बठ्ठं कागदवर काढी लिधं." डोळे अधू म्हणून तिने सगळे पुस्तक कागदावर काढून घेतले होते.

पान उघडले. पुस्तक मोबाईलवर काढताना तक्ता मोडला होता, रकाने सरकले होते आणि ड्रमचे माप पंपाखाली येऊन बसले होते. नानांनी वाचले ते हेच! बाग जळाल्याचे कानावर येताच कोणीतरी मोबाईलवरचे पान गुपचूप सुधारले होते आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर ते आपोआप बदलले होते. कागद मात्र कोणाच्या घरी जाऊन बदलता येत नाही. अक्कांच्या अंगणात फवारणीचा पंप धुऊन ठेवला होता. तिला थांबवले आणि बाड पंचांसमोर ताब्यात घेतले.

सरांना पुन्हा बसवले आणि बाड पुढे सरकवले. ते पान बघत राहिले. "तक्ता मोडणं हा गुन्हा नाही ना, साहेब?" हळूच म्हणाले. मी म्हणालो, "नाही. पण हे बाड ज्या बाईचं आहे, ती उद्या फवारणार होती. असे कागद अजून किती घरांत आहेत, सांगता येईल?"

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. बाहेर पडलेल्या कागदांचा विचारच त्यांनी केला नव्हता. इतक्या वर्षांची अब्रू जाईल या भीतीने नाना मार खात असताना ते गप्प बसले, हे त्यांनी रडत कबूल केले. मग एकदम उठले. "माझं काय ते नंतर करा. आधी गाडी काढा."

आमच्या गाडीवर भोंगा लावून ते गावोगाव स्वतः ओरडत फिरले. घसा बसला तरी माईक सोडला नाही. खोट्या जबाबाची कारवाई त्यांच्यावर मी केलीच, नानांचा परवानाही परत मिळाला. सर ठाण्यातच नानांच्या पाया पडायला वाकले, तर नाना मागे सरकले. "इथं नको, सर. मला जिथं चोर म्हटलं, तिथं चला."

छापील पुस्तकात चूक निघाली की शुद्धिपत्र चिकटवावे लागते, म्हणजे ती चारचौघांत कबूल करावी लागते. मोबाईलने ती लाज वाचवली आणि सरांसारखा माणूस तिथेच घसरला. पुस्तक त्यांनी घरी बसून, एकट्याने, कोणाला कळू न देता दुरुस्त केले होते. नानांचे नाव दुरुस्त करायला मात्र त्यांना वाकलेल्या शटरपुढे, सगळ्या गावासमोर उभे राहावे लागले.